पवित्र शास्त्र पडद्यावर : निष्ठेची कसोटी

वालीव म्हटले की कारखान्यांच्या शेडी, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि मालवाहू ट्रकांची वर्दळ डोळ्यांसमोर येते. वसई पूर्वेच्या याच पट्ट्यात, वालीवपासून कामण-नायगावच्या बाजूला, अलीकडच्या वर्षांत दूरचित्रवाणी मालिकांचे सेटही उभे राहू लागले आहेत. पश्चिम रेल्वेचा मार्ग ध्यानात घेतला, तर हा परिसर दोन महत्त्वाच्या ठिकाणांच्या मध्ये येतो. दक्षिणेला गिरगाव. तेथे ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मिळाली. उत्तरेला, राज्याची सीमा ओलांडताच, गुजरातमधील उंबरगाव. तेथे रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण झाले. धर्मकथा पडद्यावर आणण्याच्या भारतीय इतिहासातील दोन मोठे टप्पे असे आपल्या अंगणातच घडले आहेत.

या विषयाचा विचार आपल्याला परक्यासारखा करता येणार नाही, याचे कारण मात्र केवळ भौगोलिक नाही. आज अनेक भाविकांची प्रभू येशूच्या जीवनाशी पहिली ओळख पुस्तकातून होत नाही, पडद्यावरून होते. बायबल वेदीजवळ किंवा कपाटात असते. मोबाईल हातात असतो. मुलाला विचारले की बाळ येशूला भेटायला किती राजे आले, तर ते क्षणात ‘तीन’ असे उत्तर देते. मत्तयकृत शुभवर्तमानात तीन हा आकडा नाही आणि ‘राजे’ हा शब्दही नाही. तेथे पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत आणि त्यांनी वाहिलेल्या भेटी तीन आहेत. हा फरक लहान वाटतो. परंतु जे चित्र डोळ्यांत एकदा ठसते, त्यापुढे शब्द मागे पडतो. म्हणून पवित्र शास्त्राचे पडद्यावरील निष्ठावंत रूपांतर कशाला म्हणावे, हा प्रश्न कलावंतांपुरता उरत नाही. तो श्रद्धाशिक्षणाचा प्रश्न होतो.

गिरगावातील एक खेळ

१९१० च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पुढे पत्नी सरस्वतीबाई यांना सोबत नेऊन त्यांनी तो पुन्हा पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहताना आपल्या मनःचक्षूंसमोर श्रीकृष्ण, श्रीराम उभे राहत होते, असे त्यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत नमूद केले. या प्रेरणेतून ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला व ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. पुढे ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) आले. भारतीय चित्रपटाच्या मुळाशी शुभवर्तमानाचे एक दृश्य रूपांतर आहे, ही गोष्ट आपण मराठी ख्रिस्ती लोकांनीही पुरेशी ध्यानात घेतलेली नाही.

त्या काळातील ख्रिस्तपटांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. पाथे व गोमाँ या फ्रेंच कंपन्यांच्या ख्रिस्तपटांतील अनेक दृश्ये गुस्ताव्ह दोरे आणि जेम्स टिसो या चित्रकारांच्या बायबलचित्रांवर बेतलेली होती. फाळके स्वतः रवि वर्मा यांच्या छापखान्यात काम केलेले होते आणि त्यांच्या पडद्यावरील देवदेवतांवर त्या शिळाछापांची छाया आहे. म्हणजे पडद्यावर जे आले ते बहुधा ग्रंथातून थेट आलेले नव्हते. चित्रातून चित्रात आले होते. आजही बहुसंख्य ख्रिस्तपटांतील येशूचा लांब केसांचा, गोरा, निळसर डोळ्यांचा चेहरा युरोपीय चित्रकलेची देणगी आहे. चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या चेहऱ्याचे, उंचीचे किंवा वर्णाचे वर्णन एका ओळीचेही नाही.

पडद्याच्या तीनशे वर्षे आधी

रूपांतराचा प्रश्न चित्रपटाबरोबर जन्मलेला नाही. मराठीत तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापासून आहे. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. जुन्या व नव्या कराराची कथा त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली. पुराणाची चौकट, ओवीचा छंद, श्रोत्यांचे प्रश्न व त्यांना दिलेली उत्तरे ही सारी सामग्री या मातीची होती. कथा मात्र बायबलची राहिली. श्रोत्याच्या कानाला रुळलेला साज वापरणे म्हणजे शास्त्राशी प्रतारणा नव्हे, याचा हा चारशे वर्षांपूर्वीचा मराठी दाखला आहे.

त्याच ग्रंथाने आणखी एक धडा दिला. कानागावच्या लग्नाचा प्रसंग स्टीफन्स यांच्या मूळ काव्यात नव्हता. पास्कोआल गोमेस दी फारिया या धर्मगुरूंनी रचलेला तो भाग १६५४ च्या आवृत्तीत जोडला गेला. वगळणे हाही रूपांतराचा निर्णय असतो आणि वाचणारा समाज कधी ना कधी त्या रिकाम्या जागेची दखल घेतोच, हे यावरून दिसते.

शुभवर्तमानकारांनी केलेली निवड

येथे एक शंका उद्भवते. शास्त्रातील काही घ्यायचे, काही सोडायचे, क्रम बदलायचा, ही मोकळीक मुळात कोणाला आहे काय? द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर केलेल्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात याची दिशा सापडते. शुभवर्तमानांच्या लेखकांनी मौखिक वा लिखित परंपरेतून आलेल्या अनेक गोष्टींतून काही निवडल्या, काहींचा संक्षेप केला, काही आपापल्या मंडळींची परिस्थिती पाहून स्पष्ट केल्या. मात्र येशूविषयीचे प्रामाणिक सत्यच सांगितले, असे या दस्तऐवजाच्या १९ व्या परिच्छेदाचे सार आहे. येशूने केलेली इतर पुष्कळ चिन्हे या पुस्तकात लिहिलेली नाहीत, असे योहानकृत शुभवर्तमान स्वतःच सांगते (योहान २०:३०).

म्हणून निवड हा दोष नाही. चार शुभवर्तमाने हीच चार दृष्टींतून पाहिलेली एक कथा आहे. क्रूसावरील पाटीवरचे शब्द चौघांनी थोडे थोडे वेगळे दिले आहेत. क्रूसावरील ज्या सात उद्गारांवर आपण शुभ शुक्रवारी चिंतन करतो, ते सातही कोणत्याच एका शुभवर्तमानात नाहीत. लूक व योहान यांच्याकडे प्रत्येकी तीन आहेत, तर मत्तय व मार्क यांच्याकडे मिळून एकच आहे. चित्रपट हे सातही उद्गार एका दृश्यात ओवतो, तेव्हा तो एक नवेच, पाचवे कथन रचत असतो. तसे करण्यास हरकत नाही. पण आपण काय करीत आहोत याचे भान दिग्दर्शकाला आणि प्रेक्षकाला असावे लागते.

कॅमेऱ्याला मौन पाळता येत नाही

लेखणी आणि कॅमेरा यांतील मूलभूत फरक येथे आहे. पवित्र शास्त्र अनेक ठिकाणी मौन पाळते. ते मौन कॅमेऱ्याला परवडत नाही. लेखकाने ‘एक स्त्री’ असे लिहिले की काम भागते. पडद्यावर त्या स्त्रीला वय, चेहरा, वस्त्र, आवाज द्यावाच लागतो. एम्माउसच्या वाटेवरील दोन शिष्यांपैकी एकाचेच नाव लूक देतो. पडद्यावर दुसऱ्यालाही चेहरा लागतो आणि तो पुरुष की स्त्री, हेही ठरवावे लागते. अशी भर टाळता येणार नाही. खरी कसोटी या भरीची जात कोणती, ही आहे. काही भर कथेचे मौन अंगावर वस्त्र ल्यावे तशी झाकते, काही भर कथेचा अर्थच पालटते.

मरिया माग्दालियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शुभवर्तमानांत ती सात दुष्टात्म्यांपासून मुक्त झालेली, प्रभूची सेवा करणारी, क्रूसाजवळ उभी राहिलेली आणि पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथम भेटलेली शिष्या आहे. ती वेश्या होती असे शास्त्रात कोठेही नाही. पोप महान ग्रेगरी यांनी ५९१ साली एका प्रवचनात तिची, लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीची आणि बेथानीच्या मरियेची सांगड घातली व ती समजूत पश्चिमेत रूढ झाली. पडद्याने तीवर शिक्कामोर्तब केले. सेसिल डी मिल यांच्या ‘किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) या मूकपटाचा आरंभच विलासी गणिकेच्या रूपातील माग्दालियेच्या मेजवानीने होतो. २००४ च्या ‘पॅशन ऑफ द क्राइस्ट’मध्ये व्यभिचारात पकडलेली स्त्री म्हणजे तीच, असे दाखवले आहे. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१६ साली २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा देण्यात आला. तरीही पिढ्यानपिढ्या पाहिलेले चित्र एका फर्मानाने पुसले जात नाही. एका स्त्रीच्या नावावर, शास्त्रात आधार नसताना, शतकानुशतके डाग राहिला. रूपांतरातील निष्काळजीपणाची किंमत अशी असते.

तीन मार्ग

ख्रिस्तचरित्र पडद्यावर आणणाऱ्यांनी ढोबळमानाने तीन मार्ग अनुसरले आहेत.

पहिला मार्ग एकाच शुभवर्तमानाला धरून राहण्याचा. इटालियन दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी हे मार्क्सवादी व स्वतःला अश्रद्ध म्हणवणारे. त्यांनी १९६४ साली मत्तयकृत शुभवर्तमानावर चित्रपट केला, त्यातील संवाद मत्तयाच्याच शब्दांत ठेवले आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. दक्षिण इटलीतील मातेरा परिसरात, बहुतांशी अव्यावसायिक कलावंतांना घेऊन चित्रीकरण झाले. १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत या चित्रपटाचा समावेश आहे. लूकच्या आधारे काढलेला ‘जीझस’ (१९७९) आज मराठीसह दोन हजारांहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. २००३ चा ‘द गॉस्पेल ऑफ जॉन’ तर योहानाचा संपूर्ण मजकूर सुमारे तीन तासांत शब्दशः सादर करतो. मात्र शब्द जसेच्या तसे ठेवले तरी ते कोण, कोणत्या सुरात, कोणाकडे पाहून बोलतो, हे दिग्दर्शकच ठरवतो. पासोलिनींचा ख्रिस्त घाईने चालत, कठोरपणे बोलतो. शब्द मत्तयाचे आहेत. घाई पासोलिनींची आहे.

दुसरा मार्ग शास्त्र आणि परंपरा यांची गुंफण करण्याचा. मेल गिब्सन यांच्या ‘पॅशन ऑफ द क्राइस्ट’मधील पात्रे अरामी, हिब्रू व लॅटिन बोलतात, त्यामुळे पाहणाऱ्याला आपण प्रत्यक्ष घटनाच पाहत आहोत असे वाटते. परंतु त्यातील काही दृश्ये धन्य अ‍ॅन कॅथरीन एमरिक यांच्या दर्शनांच्या, कवी ब्रेंटानो यांनी शब्दबद्ध केलेल्या पुस्तकातून घेतलेली आहेत. पिलाताची पत्नी पवित्र मरियेला वस्त्रे देते, तो प्रसंग अशांपैकी एक. एमरिक यांना २००४ साली धन्य घोषित केले गेले तेव्हा ही पुस्तके विचारात घेतली नव्हती. कारण त्यांतील एमरिक यांचे किती व ब्रेंटानो यांचे किती, हे निश्चित सांगता येत नाही. भक्तीला अशा दर्शनांचा उपयोग आहे. त्यांना शुभवर्तमानाचे स्थान देता येत नाही.

तिसरा मार्ग कल्पित भर उघडपणे मान्य करण्याचा. डॅलस जेन्किन्स यांची ‘द चोझन’ ही २०१९ पासून सुरू झालेली मालिका शिष्यांना कुटुंब, कर्ज, कुरबुरी, पूर्वायुष्य देते. त्यातील बहुतेक भाग कल्पित आहे. मात्र पहिल्याच भागाच्या आरंभी स्थळे व काळ एकत्र केल्याचे, पात्रे व संवाद रचल्याचे सांगून प्रेक्षकांना शुभवर्तमाने वाचण्यास सुचवले आहे. कल्पनेचे प्रमाण अधिक असूनही ही मालिका एका अर्थी अधिक प्रामाणिक ठरते. प्रेक्षकाला आपण काय पाहत आहोत ते ठाऊक असते.

मराठी संतपटाचा धडा

भर ओळखू न येण्याइतकी अस्सल झाली तर काय होते, हे मराठी चित्रपटाने दाखवून दिले आहे. प्रभात कंपनीचा विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट १९३७ साली व्हेनिस महोत्सवात जगातील तीन सर्वोत्तम चित्रपटांत गणला गेला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी एक गीत तुकोबांच्या धाटणीने रचले. ते इतके बेमालूम उतरले की जाणकारांनी तो तुकोबांचाच अभंग समजून गाथेत त्याचा शोध घेतला, असे सांगतात. कवीच्या प्रतिभेला यापेक्षा मोठी दाद नाही. ग्रंथाच्या दृष्टीने मात्र ही सावधगिरीची सूचना आहे. संताच्या अभंगांविषयी असे घडू शकते, तर प्रभू येशूच्या मुखी घातलेल्या एखाद्या गोड वाक्याविषयी का घडणार नाही? मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत बायबलच्या नावाने येणारी अनेक वचने बायबलमध्ये नाहीत, हा अनुभव धर्मशिक्षकांना नवा नाही.

‘रामायण’ मालिकेने (१९८७-८८) आपल्या नामावलीत वाल्मीकी, तुलसीदास, कंबन आणि आपले संत एकनाथ यांच्या ‘भावार्थरामायणा’सह अनेक आधार नोंदवले होते. आधार सांगण्याची ही रीत अनुकरणीय आहे. तरी ज्या परंपरेत अनेक रामायणे नांदत आली, तिचे एकच रूप घराघरांत प्रमाण ठरेल, अशी चिंता इतिहासकार रोमिला थापर यांनी त्याच काळात व्यक्त केली. चार शुभवर्तमाने जपणाऱ्या ख्रिस्तसभेला ही चिंता समजायला कठीण जाऊ नये. दुसऱ्या शतकात तातियन याने चारांचे एकत्रित कथन रचले आणि ते सीरियाच्या मंडळीत दीर्घकाळ वाचले गेले. तथापि ख्रिस्तसभेने अखेर चार वेगळी शुभवर्तमानेच राखली.

कोणावर दोष येतो?

दुःखसहनाच्या कथेत निष्ठेचा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण तेथे जिवंत समाजांचा संबंध येतो. पडद्यावरील वा रंगमंचावरील आकसाने रंगवलेल्या यहुदी पात्रांमुळे युरोपात द्वेषाला खतपाणी मिळाले. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात स्पष्ट केले. त्यानुसार अमेरिकेतील महागुरूंच्या समितीने १९८८ साली दुःखसहनाच्या नाट्यरूपांसाठी निकष प्रसिद्ध केले. जर्मनीतील ओबरामरगाउ गावात १६३४ पासून चालत आलेल्या दुःखसहन-नाट्याची संहिताही अलीकडच्या दशकांत पुष्कळ सुधारण्यात आली. गिब्सन यांच्या चित्रपटात मत्तयातील जमावाचा तो कठोर उद्गार (२७:२५) अरामी ध्वनीत राहिला, पण त्याचे भाषांतर पडद्यावरील ओळींतून काढून टाकण्यात आले.

यातून एक विचार पुढे येतो. शास्त्रातील वाक्य जसेच्या तसे उचलूनही शास्त्राशी अन्याय होऊ शकतो. येशू स्वतः यहुदी, पवित्र मरिया यहुदी, बाराही शिष्य यहुदी. पडद्यावर ते परके आणि त्यांचे विरोधक तेवढे ‘यहुदी’ दिसू लागले, की प्रत्येक शब्द बरोबर असूनही चित्र खोटे ठरते.

आपल्या धर्मग्रामांसाठी

मोठ्या चित्रपटांविषयी बोलणे सोपे असते. परंतु आज कॅमेरा प्रत्येक खिशात आहे. युवक लघुपट काढतात, उपवासकाळात सजीव देखावे चित्रित होऊन घरोघरी पोहोचतात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नोहाचे तारू काही मिनिटांत तयार होते. अशा यंत्राला शास्त्र आणि चित्रपरंपरा यांतील भेद आपोआप कळत नाही. जगात जी चित्रे पुष्कळ आहेत, तीच ते पुन्हा पुढे करते. म्हणून काही साधी पथ्ये पाळणे हितकारक ठरेल.

१. आधार ठरवावा. कोणते शुभवर्तमान, कोणता अध्याय, कोणते भाषांतर, हे संहितेच्या पहिल्या पानावर लिहावे व पडद्यावर आरंभीच दाखवावे. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आपल्याच वसईत सिद्ध झाले आणि साहित्य अकादमीच्या २०१३ च्या अनुवाद पुरस्काराने गौरवले गेले. ते हाताशी असताना इंग्रजी संवादांची कच्ची भाषांतरे वापरण्याचे कारण नाही.

२. प्रभूच्या मुखी नवे शब्द घालू नयेत. कल्पित संवाद लागलेच तर ते जमावातील माणसाला, शेजाऱ्याला, पहारेकऱ्याला द्यावेत.

३. साहित्यप्रकार ओळखावा. उधळ्या पुत्राची कथा हा दाखला आहे, उत्पत्तीचा पहिला अध्याय हे सृष्टीचे स्तोत्रासारखे कथन आहे, प्रकटीकरण हे चिन्हांच्या भाषेतील पुस्तक आहे. तिन्हींचे चित्रण बातमीपटासारखे केल्यास तिन्हींवर अन्याय होतो.

४. साज आपला असू द्यावा. पेरणाऱ्याचा दाखला वसईच्या वाडीत चित्रित झाला तर बिघडत नाही. बी, खडक, काटे आणि सुपीक जमीन मात्र दाखल्यातलीच असावीत.

५. कथा क्रूसावर थांबवू नये. पुनरुत्थानाशिवाय दुःखसहन दाखवणे म्हणजे शुभवर्तमान अर्ध्यावर मिटणे.

६. खेळानंतर मूळ उतारा वाचावा. दहा मिनिटांचे ते वाचन आणि ‘यात कोणते नव्हते?’ एवढाच प्रश्न मुलांना चौकस वाचक बनवू शकतो.

यांतील सहावे पथ्य सर्वांत स्वस्त आहे व सर्वांत कमी पाळले जाते. पडदा शास्त्राची जागा घेऊ शकत नाही, पण शास्त्रापर्यंत माणसाला आणून सोडू शकतो. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातील ज्ञानी लोक गोठ्यात नव्हे, घरात आले होते. हे ज्याने स्वतः वाचून शोधले, तो नाताळचा देखावा पूर्वीइतक्याच आनंदाने पाहील. आणि त्याला तो देखावा व शुभवर्तमान यांतला भेद कोणी सांगावा लागणार नाही.